फाटा फुटेपर्यंत

तीनचा चहा. कपात खडीसाखर तडकते,
एनो कडेनं साय सोडतो, ढवळत नाही.
आमच्याकडे, समुद्राच्या बांधाआड, चहा ढवळत नाहीत.
मी चष्मा पुसते आणि चिमटा उचलते.

ही कळी उद्या संध्याकाळी उमलणार,
म्हणून आजच तिच्या लांबट पोटावर उभी चीर
आणि आतले पाच पुंकेसर
एकेक करून बाहेर.
आता तिचं स्वतःशीच जमणार नाही.

नवरदेव पापेनबुर्गहून येतो, टपालानं,
औषधाच्या कुपीत, तांदळाच्या चार दाण्यांसोबत.
गेशे हार्म्स लिहिते: गुलाबी, झगा दुहेरी,
लाल कोळ्यांपासून जपा.
कुपी फ्रीजमध्ये, लोण्यामागे. वर मी लिहिलंय: खाऊ नये.
एनो रात्री उठून काहीही खातो.

तुतारी म्हणतात, पण तोंड खाली.
जे काय फुंकायचं ते मातीला.
जंगलात म्हणे आता यांतलं एकही उरलं नाही;
बी वाहून नेणारं कुठलंसं जनावर
आधीच संपलं असावं.
तेव्हापासून ही माणसांच्या कुंड्यांत राहतात,
भाडं म्हणून संध्याकाळचा वास देतात.

विषारी? हो. नखशिखांत.
एकदा पान खुडून मी डोळा चोळला,
दोन दिवस बाहुली बशीएवढी, वर्तमानपत्र नुसतं धुकं.
मला हसू आलं.
एकतीस वर्षं एम्डेनच्या दवाखान्यात
मी लोकांच्या डोळ्यांत असलेच थेंब घातले,
"वर बघा, मिटू नका" म्हणत.

बोंड सात महिने लोंबतं.
बियांवर बुचासारखी साल,
ती भिजवून नखानं सोलायची,
नाहीतर आतला जीव कुजतो.
त्रेसष्ट रुजल्या. खिडकी पुरेना,
न्हाणीघर भरलं, मग जिना.
हिवाळ्यात सगळ्या तळघरात, बटाट्यांशेजारी,
पानं झडलेल्या काठ्या, गळ्यात आकडे.

काठी सरळ वाढते. छातीपर्यंत, खांद्यापर्यंत.
खत घाला, बोला, रागवा,
तिला फाटा फुटेपर्यंत फूल नाही.
आणि मग एका सकाळी शेंड्याला दोन दिशा.
मी जिन्यातच बसले होते, हातात झारी,
आणि एनोला हाक मारली तर तो म्हणाला,
गुलेर आहे ती, त्यात काय.
तो बोटी जोडायचा. त्याला जोड कळतो,
फुटणं नाही.

तिसऱ्या ऑगस्टला फुलल्या.
नऊ मळकट पिवळ्या. एकवीस आईसारख्या, हुबेहूब, निरुपयोगी.
एकीच्या झग्याला झालर, पण उमलताच फाटणारी.
आणि सत्तावीस नंबर:
पांढरी. एकेरी. साधी.
जशी कोणत्याही दवाखान्याच्या अंगणात असते.

नियम गेशेनंच शिकवला, मी भिंतीवर लिहून ठेवलाय:
जे आधीच जगात आहे ते ठेवू नये.
शनिवारी कुऱ्हाड काढली. खतखड्ड्याकडे
बेचाळीस फेऱ्या.
सत्तावीसची कुंडी उचलायला वाकले
तर एनो पाठीमागे.
ही नको, म्हणाला.
का?
रात्री फाटकातून येताना
तुझी गुलाबी मला दिसत नाही. ती केशरीही नाही.
ही दिसते. हिच्या डावीकडे पायरी.

चाळीस वर्षं वेल्डिंगच्या ठिणग्या.
मी परिचारिका. दर वर्षी विचारायचे, तपासू का?
तो म्हणायचा, मजेत आहे.
किती दिवस तो
या फुलावरून पायरी मोजत होता
मी विचारलं नाही.
कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

गेशेला कळवलं: यंदा काही हाती लागलं नाही,
पुढच्या वसंतात पुन्हा पराग पाठव.
सत्तावीसला नाव दिलेलं नाही.
नोंदवहीत तिच्यापुढे फक्त जागा लिहिली,
फाटकापासून अकरा पावलं,
आणि खाली, पेन्सिलीनं,
सोमवार, साडेनऊ, डॉक्टर.